सॉफ्टवेअर अडतें तेव्हां

घरांतील संगणक 'बिघडला' असें सरसकट म्हणण्याची आपल्याकडे एक रीत पडली आहे. पडदा काळा झाला तरी संगणक बिघडला, छपाईचें यंत्र चालेना तरी संगणक बिघडला, आणि हिशेबाचें सॉफ्टवेअर उघडतां उघडतां थबकलें तरीही संगणकच बिघडला! ज्वर, खोकला व पोटदुखी या तिहींना 'बरें वाटत नाहीं' एवढें एकच नांव देणाऱ्या रोग्यास वैद्य औषध तरी कोणतें देणार? संगणक उत्तम चालत आहे, परंतु त्यांत एखादें सॉफ्टवेअर बसत नाहीं, किंवा बसलेलें सुरू होत नाहीं, ही अगदीं निराळी आणि पुष्कळदां घरच्या घरीं सुटणारी अडचण आहे. तिचाच विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय तरुण मंडळींचा म्हणून वडीलधाऱ्यांनीं व गृहिणींनीं पान उलटूं नये, अशी विनंती आहे. कारण या अडचणींत सॉफ्टवेअर क्वचितच बुडतें. बुडतो तो घरचा हिशेब, आजोबांचें लेखन, मुलांचीं छायाचित्रें. आणि तींही बहुधा मूळ बिघाडानें बुडत नाहींत, तर त्यावर घाईनें केलेल्या उपायानें बुडतात.

उदाहरणास आम्ही भिवंडी घेतों. यंत्रमागांच्या या शहरांत घर आणि धंदा यांमधील भिंत नेहमींच पातळ राहिली आहे. सूत किती आलें, बीम किती भरले, ताके किती उतरले, मजुरी किती झाली, हें सर्व पूर्वीं लाल कापडाच्या चोपडींत मेहताजी लिहीत. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला. १ एप्रिल २०१८ पासून परराज्यांत जाणाऱ्या मालाबरोबर ई-वे बिल लागूं लागलें. आणि ज्या घरांत संगणक केवळ मुलांच्या अभ्यासासाठीं होता त्या घरांत तो धंद्याचा आधार होऊन बसला. मुंबई-नाशिक रस्त्यालगतच्या गोदामांकडे माल धाडणाऱ्या लहान व्यापाऱ्याचीही तीच गत झाली. दुपारीं जेवणें आटोपल्यावर घरची सून बैठकीच्या खोलींत बसून बिलें चढवीत आहे, हें दृश्य आतां कोणास नवें वाटत नाहीं.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या देशांत हिशेबासाठीं घरोघर वापरलें जाणारें 'टॅली' हें सॉफ्टवेअर कापडाच्या धंद्याच्या छायेंतच जन्मास आलें. श्यामसुंदर गोएंका हे कापडगिरण्यांना व इतर कारखान्यांना यंत्रांचे भाग व कच्चा माल पुरवीत. आपला हिशेब नीट ठेवील असें सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हां त्यांनीं आपल्या गणित शिकलेल्या मुलास, भरत गोएंका यांस, तें तयार करावयास सांगितलें. १९८६ सालीं बंगळूर येथें या उद्योगाचा आरंभ झाला. वडिलांची गरज आणि मुलाची विद्या यांचा असा मेळ एकाच घरांत पडला, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस विशेष रुचेल.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. सॉफ्टवेअर आणि त्यांत आपण केलेल्या नोंदी या दोन भिन्न वस्तु आहेत, ही गोष्ट शंभरांतील नव्वद घरांत कोणीं कोणास सांगितलेली नसते. सॉफ्टवेअर हा मुनीम. नोंदी ही चोपडी. मुनीम आजारी पडला तर दुसरा ठेवतां येतो, नव्हे, तोच मुनीम पुन्हा बोलावितां येतो. चोपडी जळाली तर ती कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहीं. संगणकाच्या आंत या दोन्ही वस्तु एकाच तबकडीवर, पुष्कळदां शेजारीं शेजारीं, ठेविलेल्या असतात. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक पेढीच्या नोंदी 'डेटा' नांवाच्या फोल्डरांत, आंकड्याचें नांव असलेल्या एकेका उपफोल्डरांत असतात. तें फोल्डर नेमकें कोठें आहे हें घरांतील निदान दोन माणसांना माहीत असलें पाहिजे. कारण अडचण आली कीं पहिलें कृत्य एकच: तें फोल्डर जसेंच्या तसें पेन ड्राइव्हवर उतरून घेणें. सॉफ्टवेअर उघडत नसलें तरी फोल्डर उघडतें व उतरतें, हें लक्षांत ठेवावें. एवढें झालें म्हणजे पुढील सर्व खटपट निर्धास्तपणें करतां येते.

प्रत्यक्षांत काय होतें? कल्पना करा कीं महिन्याची अठरा तारीख आहे. कराचें मासिक विवरणपत्र वीस तारखेपर्यंत गेलें पाहिजे. संध्याकाळीं वहिनींनीं सॉफ्टवेअर उघडावयास घेतलें, तों पडद्यावर एक लहानशी चौकट आली आणि सर्व थांबलें. कोणीतरी ती चौकट न वाचतां 'ओके' दाबून घालविली. पुन्हा उघडलें, पुन्हा चौकट, पुन्हा 'ओके'. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, हें काढून टाकून पुन्हा बसवूं या, दहा मिनिटांचें काम." मामंजी म्हणाले, "नको, त्या दुरुस्तीवाल्या मुलाला बोलवा, तो फॉरमॅट मारून देईल." दोघांचाही हेतु उत्तम; परंतु चौकटींत काय लिहिलें होतें हें दोघांपैकीं एकालाही ठाऊक नाहीं!

भिवंडींत वाढलेल्या माणसाला ही चूक यंत्रमागाच्या दाखल्यानें चटकन पटेल. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी संपली कीं माग आपोआप थांबविणारी एक लहानशी काट्यासारखी योजना मागावर असते. माग थांबला म्हणून कोणी मागावर रागावत नाहीं, कीं लगेच सारा ताणा कापून काढीत नाहीं. तो थांबला नसता तर वार वार कापड बिघडत गेलें असतें. सॉफ्टवेअरची चौकट ही तशीच योजना आहे. थांबणें हा रोग नव्हे, ती रोगाची सूचना आहे. आणि मागावर नसलेली एक सोय येथें अधिक आहे ती ही, कीं काय तुटलें तें येथें शब्दांत लिहून येतें. भाषा इंग्रजी व रुक्ष असते हें खरें. पण घरांतील शाळकरी मुलालाही ती अक्षरें मोबाइलनें टिपतां येतात, आणि त्यांतील आंकडा व फाइलीचें नांव हेंच निदानाचें अर्धें काम असतें.

आमच्या कल्पनेंतील वहिनींनीं तेंच केलें. चौकट पुन्हा आणली, तिचें छायाचित्र घेतलें, मग सावकाश वाचलें. परवान्याची तारीख जुळत नाहीं, अशा अर्थाचे शब्द होते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत पाहिलें तर संगणक कित्येक वर्षें मागच्या एका जानेवारीची पहिली तारीख दाखवीत होता! संगणकाच्या पोटांत, मुख्य फळीवर, नाण्याएवढी एक बॅटरी असते. सीआर २०३२ या नांवानें ती घड्याळाच्या दुकानींही मिळते. वीज बंद असतांना संगणकाचें घड्याळ हीच चालविते. कांहीं वर्षांनीं ती संपते. मग रात्रीं मुख्य बटण बंद केलें कीं सकाळीं संगणक काळाचें भान हरपून उठतो. परवाना तपासणारें सॉफ्टवेअर अडतें, बँकेचीं व सरकारी संकेतस्थळें 'सुरक्षित नाहीं' असें सांगूं लागतात, आणि घरांत समजूत अशी होते कीं एकाच दिवशीं सर्वच बिघडलें. इंटरनेटवरून घड्याळ आपोआप लागण्याची सोय आहे खरी, परंतु अंतर वर्षांचें असेल तर ती पुष्कळदां हात टेकते. अशा वेळीं तारीख हातानें लावावी, काम उरकावें, व दुसऱ्या दिवशीं बॅटरी बदलून घ्यावी. या रोगावर फॉरमॅटचा उपाय केला असता तर चोपडी गेली असती आणि घड्याळ तसेंच मागें राहिलें असतें.

सुरू न होण्याचीं इतर कारणेंही बहुधा अशींच साधीं असतात. मागच्या खेपेस बंद केलेलें सॉफ्टवेअर पडद्याआड अर्धवट चालूच राहिलेलें असतें व दुसऱ्यानें उघडावयास गेलें कीं पहिलें वाट अडवितें. संगणक एकदां नीट बंद करून पुन्हा लावल्यानें हें जातें, आणि 'बंद करून चालू करा' या उपायाची थट्टा करणाऱ्यांनीं तो कां लागू पडतो हें ध्यानांत घ्यावें. तबकडी काठोकाठ भरलेली असते. लग्नाच्या चित्रफिती हें त्याचें नेहमींचें कारण. व्हायरसरोधक सॉफ्टवेअरनें एखादी निरुपद्रवी फाइल संशयानें उचलून कोठडींत टाकलेली असते. तेथें तिची नोंद सांपडते. किंवा आदल्या रात्रीं विंडोजनें आपली दुरुस्ती करून घेतलेली असते व तिच्याशीं जुन्या सॉफ्टवेअरचें जमत नाहीं. म्हणून चौकट वाचल्यानंतरचा दुसरा प्रश्न असा विचारावा: शेवटीं हें सुरळीत चाललें तेव्हांपासून आजपर्यंत काय बदललें? नवें छपाईयंत्र जोडलें? कोणीं खेळ उतरविला? वीज मध्येंच गेली? दहा माणसांच्या घरांत हा प्रश्न विचारणें थोडें नाजूक आहे, कारण प्रत्येकास तो आरोप वाटतो. वडील माणसानें तो हंसत विचारावा. भाचरें मग लपवीत नाहींत.

विजेविषयीं दोन शब्द. भारनियमनाचे दिवस भिवंडीकर विसरलेले नाहींत. जानेवारी २००७ पासून तेथील वीजवितरणाचें काम टॉरेंट पॉवर या कंपनीकडे सोपविण्यांत आलें. वितरणाची अशी फ्रँचायझी पद्धति देशांत प्रथम येथेंच आली म्हणून तिचा पुष्कळ अभ्यास झाला. परंतु वीज कितीही नियमित असो, नोंद तबकडीवर उतरत असतां ती एका क्षणापुरती जरी गेली तरी फाइल अर्धवट राहते आणि सॉफ्टवेअर उघडतांना तेथेंच अडखळतें. पांच-दहा मिनिटें टिकणारा यूपीएस हा अशा घरांत चैनीचा नव्हे. त्याचा उपयोग काम चालू ठेवण्यासाठीं नसून संगणक सावकाश बंद करण्यासाठीं आहे, एवढें मात्र मुलांना बजावावें.

नवें सॉफ्टवेअर बसतच नाहीं, हा दुसरा प्रकार. येथें सर्वांत अधिक गोंधळ होतो तो यंत्राच्या जातीचा. विंडोजच्या ३२-बिटी व ६४-बिटी अशा दोन जाती झाल्या. ६४-बिटी विंडोजवर ३२-बिटी सॉफ्टवेअर चालतें. उलट मात्र चालत नाहीं. आणि त्याहून जुनें, १६-बिटी काळांतलें, ६४-बिटी विंडोजवर मुळींच उभें राहत नाहीं. ऑक्टोबर २०२१ मध्यें आलेली 'विंडोज ११' ही केवळ ६४-बिटीच आहे. तेव्हां पंचवीस वर्षांपूर्वींची पंचांगाची किंवा पगारपत्रकाची सीडी नव्या संगणकांत घालून 'हें यंत्र खराब निघालें' असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. दुसरा नेहमींचा अडथळा असा कीं, सॉफ्टवेअरला आपल्याबरोबर कांहीं साहाय्यक फाइली लागतात. 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सांपडली नाहीं' असें वाक्य अनेकांनीं पाहिलें असेल. ही फाइल सुटी उतरवून देणारीं शेंकडों संकेतस्थळें आहेत. त्यांच्या वाटेस जाऊं नये. ती मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' या मोफत संचाचा एक तुकडा आहे. संपूर्ण संच मायक्रोसॉफ्टच्याच स्थळावरून घेऊन बसवावा. अनोळखी माणसाकडून सुटी गोळी घेण्यापेक्षां दुकानांतून सीलबंद पाकीट घेणें बरें.

आणि याच ठिकाणीं एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारी पहिली सूचना अशी असते कीं, 'बसविण्यापूर्वीं व्हायरसरोधक बंद करा.' घरांत शिरणाऱ्या पाहुण्यानें आधीं राखणदाराला सुट्टी द्या म्हणावें आणि आपण ती द्यावी! अत्यंत प्रामाणिक, बाजारांत एका पैशाचाही खोटा हिशेब न करणाऱ्या घरांत 'क्रॅक' हा शब्द निःसंकोच उच्चारला जातो, याचें आम्हांस नवल वाटतें. नीतीची गोष्ट क्षणभर बाजूस ठेविली तरी हा सौदा महाग आहे. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या घातक सॉफ्टवेअरनें जगभर थैमान घातलें; संगणकांतील फाइली कुलूपबंद करून तें खंडणी मागे. ज्या भगदाडांतून तें शिरलें तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें दोन महिने आधींच, मार्चमध्यें, दिली होती. दुरुस्ती न घेतलेलीं यंत्रें बळी पडलीं; आणि चोरीच्या विंडोजवर 'पकडले जाऊं' या भीतीनें ही दुरुस्ती बंदच ठेविण्याची चाल आहे. 'विंडोज १०' ची सर्वसाधारण मोफत दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, हें जुन्या संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनीं टिपून ठेवावें.

मराठी अक्षरांचा प्रश्न आमच्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याचा. 'विंडोज एक्सपी'वर मराठी दिसण्यासाठीं भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे, आणि ती केली कीं संगणक मूळ सीडी मागे. सीडी नसली कीं सर्व तेथेंच अडे. २००७ पासूनच्या विंडोजमध्यें ती कटकट राहिली नाहीं. परंतु त्याआधींच्या काळांत मराठी लेखन ज्या सॉफ्टवेअरांतून झालें, त्यांतील प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक योजना निराळी होती. एका टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक चिवडा दिसतो. कित्येक सॉफ्टवेअरांबरोबर 'डोंगल' म्हणजे एक लहानसें कुलूप येई. तें संगणकाच्या पाठीमागें ज्या रुंद खांचेंत बसे, ती खांच नव्या यंत्रांवर उरलेलीच नाहीं. आतां विचार करा. आजोबांनीं निवृत्तीनंतर तीनशें पानें कुलवृत्तांत लिहून ठेवला. संगणक मंद झाला म्हणून दुरुस्तीवाल्यानें लेखनाच्या फाइली जपून बाजूस काढल्या, फॉरमॅट मारला, फाइली परत ठेविल्या. एकही फाइल गेली नाहीं. परंतु टंक गेला, आणि आजोबांचा मजकूर कोणालाच वाचतां येईना! सुदैवानें असा मजकूर युनिकोडमध्यें पालटून देणारीं साधनें आहेत. टंकाचें नांव मात्र ठाऊक असावें लागतें. म्हणून फॉरमॅटपूर्वीं 'फॉन्ट्स' या फोल्डराचीही प्रत घ्यावी, आणि आजोबा हयात असतांनाच तो मजकूर युनिकोडमध्यें आणून एकदां छापून ठेवावा. जोडाक्षरें व ऱ्हस्वदीर्घ पालटतांना कोठें कोठें बिघडतात. तीं तपासावयास लेखकासारखा दुसरा मुद्रितशोधक नाहीं.

दुरुस्तीवाल्यांची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या मुलाला दिवसांत आठ घरें करावयाचीं असतात, आणि फॉरमॅट हा असा उपाय आहे कीं रोग कोणताही असो, यंत्र तासाभरांत हंसतमुख परत मिळतें. त्याला हवें असतें तें निदानासाठीं लागणारें साहित्य, आणि तें आपणच देत नाहीं. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या अवाढव्य गणकयंत्रांत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं बिघाड झाला, तेव्हां शोध घेतां एका विद्युत्-खटक्यांत पतंग अडकलेला सांपडला. तेथील मंडळींनीं तो फेकून दिला नाहीं. वेळ टिपून, चिकटपट्टीनें तो नोंदवहींतच लावून ठेविला. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जतन केलेली आहे. पतंगाचें कौतुक पुष्कळ झालें. आम्हांस कौतुक वाटतें तें वहीचें.

तशी एक वही घरच्या संगणकाजवळ असावी. कोणतें सॉफ्टवेअर कधीं घेतलें, त्याचा परवाना क्रमांक, तो कोणाच्या ई-पत्त्यावर नोंदला आहे, 'डेटा'चें फोल्डर कोठें, टंक कोणता, शेवटची प्रत पेन ड्राइव्हवर कधीं उतरविली, व ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर खरोखर उघडून पाहिली काय, हें तींत असावें. चौकटीचे शब्द आणि त्या दिवशीं काय केलें, हेंही त्याच वहींत लिहावें. मात्र एका वेळीं एकच बदल करावा, नाहीं तर कोणत्या उपायानें गुण आला हें वहीलाही कळणार नाहीं. वही कागदाची हवी. संगणकांत ठेवलेली वही संगणक अडला कीं उघडत नाहीं. बहुतेक घरांत घरपट्टीच्या पावत्या व विजेचीं बिलें एका ठराविक कपाटांत असतात आणि त्याची किल्ली आजींच्या कनवटीस असते. पेन ड्राइव्हची दुसरी प्रत त्याच कपाटांत ठेवावी.